पातळ तळाचे बूट आणि अल्ट्राचे शेवटचे तीस किलोमीटर

पातळ तळाचे ट्रेल बूट घालून मऊ पायवाटेवर आठ-दहा किलोमीटर पळालं की बहुतेकांना वाटतं, जमलं आपल्याला. पाय हलके वाटतात, जमीन तळव्याला थेट कळते, पावलं आपोआप छोटी पडायला लागतात. हा आनंद खरा आहे, पण अल्ट्राचा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीचा, हिशेब वेगळा असतो. जाड फोमच्या बुटात धक्का झेलायचं बरंचसं काम बूट करतो. पातळ बुटात तेच काम पोटरी, अकिलीज (पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा) आणि तळव्याचे छोटे स्नायू करतात. फोम बाराव्या तासालाही फारसा दमत नाही. पोटरी मात्र दमते. ती दमली की टाच धपकन आपटायला लागते, आणि त्या टाचेखाली रबर असतं दहा-बारा मिलिमीटर. म्हणून बूट निवडताना, सवय करताना आणि शर्यतीचं नियोजन करताना डोळ्यांसमोर शेवटचे तीस किलोमीटर ठेवायचे.

अशा बुटांना ‘मिनिमल’ म्हणतात. ते नेमकं कशाला म्हणायचं हे आधी पक्कं करू, कारण इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. २०१५ साली संशोधकांनी ‘मिनिमलिस्ट इंडेक्स’ नावाची मोजपट्टी मांडली. तिच्यात पाच गोष्टींना सारखे गुण आहेत: वजन, तळाची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप, बुटाचा लवचीकपणा, आणि पायाची हालचाल रोखण्यासाठी बसवलेले टेके किती आहेत. म्हणजे ड्रॉप हा पाचातला फक्त एक. आल्ट्रा कंपनीच्या ‘लोन पीक’ बुटाचा ड्रॉप शून्य, पण तळ सुमारे २५ मिलिमीटर. मेरेल कंपनीच्या ‘ट्रेल ग्लोव्ह’चाही ड्रॉप शून्य, पण तळ त्याच्या जवळपास निम्मा. ‘मी झिरो ड्रॉपमध्येच पळतो, मला सवय आहे’ असं म्हणत पहिल्यातून दुसऱ्यात थेट उडी मारणारे लोक चवड्याच्या हाडांचं दुखणं ओढवून घेतात. अकिलीजला सवय झालेली असते, चवड्याच्या हाडांना झालेली नसते.

हलकेपणाचा फायदा मात्र मोजता येतो. एका बुटात १०० ग्रॅम वाढले की त्याच वेगाने पळायला साधारण एक टक्का जास्त ऑक्सिजन लागतो. अल्ट्रात पाऊल लाखभर वेळा उचलायचं असतं, तिथे हा एक टक्का दिसतो. पण पातळ तळामुळे तुम्ही खडकाळ उतारावर जपून, थबकत उतरायला लागलात तर तो फायदा पहिल्याच उतारावर संपतो. हलका बूट वेगवान तेव्हाच, जेव्हा त्यात निर्धास्त उतरता येतं.

या विषयावर बोलताना ताराउमारा धावपटूंचा दाखला येतोच. मेक्सिकोतल्या या समाजाचे लोक स्वतःला रारामुरी म्हणवतात. १९९३ मध्ये त्यांच्यातल्या व्हिक्टोरियानो चुरो यांनी वयाच्या ५५व्या वर्षी अमेरिकेतली लेडव्हिल ही १०० मैलांची शर्यत जिंकली. पायात होत्या हुआराचे, म्हणजे जुन्या टायरच्या तळाच्या चपला. २०१७ मध्ये मारिया लोरेना रामिरेझ यांनी पुएब्लातली ५० किलोमीटरची शर्यत अशाच चपलांत जिंकली. या दाखल्यातून लोक उचलतात ते ‘चपला पुरतात’ एवढंच. त्यात आणखी दोन गोष्टी आहेत. हे लोक लहानपणापासून त्या पायांनी डोंगर चढत-उतरत आलेले. आणि टायरचा तुकडा मऊ नसला तरी टणक असतो, त्यातून खडा टोचत नाही. मऊपणा वेगळा आणि टोचण्यापासून संरक्षण वेगळं. अल्ट्रासाठी पातळ बूट निवडताना मऊपणा सोडला तरी चालतो, संरक्षण सोडायचं नाही. एकदा चवड्याखाली दगडाचा मुका मार बसला की पुढचं प्रत्येक पाऊल त्या जागेला चुकवत पडतं, आणि मग गुडघा, खुबा, कंबर सगळे तक्रारी करू लागतात.

म्हणून बूट हातात घेतला की आधी चवड्याखाली अंगठ्याने जोरात दाबून बघा. अंगठ्याचा दाब आत ठेवलेल्या दुसऱ्या हाताच्या बोटाला टोकदार जाणवला, तर खडीच्या रस्त्यावर काय होईल ते कळलं. काही बुटांत तळाच्या थरांमध्ये रॉक प्लेट म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी असते. पन्नास किलोमीटरच्या पुढे, आणि वाटेत फुटक्या दगडाचा मुलूख असेल तर, ती हवीच असं माझं ठाम मत आहे. बूट थोडा कमी वळेल, वळू दे. तळाच्या दात्यांची उंची कोरड्या, टणक वाटेला तीन मिलिमीटरच्या आसपास पुरते, चिखलाला पाच तरी लागते. पण पातळ तळाला उंच दाते असले की टणक जमिनीवर तेच दाते एकेक करून तळव्याला टोचतात. हे दुकानात चार पावलं चालून कळत नाही, तीन तासांनी कळतं.

मापाच्या बाबतीत एक साधी चाचणी कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाची. आतला सुकतळा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. करंगळी कडेबाहेर येत असेल तर बूट अरुंद आहे, घालून कितीही मऊ वाटला तरी. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे बोटभर, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर जागा हवी. हे संध्याकाळी करा, दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असताना. लांबच्या शर्यतीत ते याहून जास्त सुजतात. पातळ बुटात बोटं पसरून जमीन धरतात, त्यामुळे पुढची रुंदी मोकळी हवी, पण टाच आणि पायाची कमान मात्र घट्ट धरलेली हवी. ती सैल राहिली की उतारावर पाय पुढे सरकतो, बोटं बुटाच्या नाकाला आपटतात आणि नखं काळी पडतात. वरच्या शेवटच्या दोन भोकांतून लेसचा फास करून टाच बांधली की हा त्रास बराच थांबतो. उलट पायाच्या वरच्या बाजूला, कमानीच्या उंचवट्यावर लेस आवळून बांधली तर तिथल्या कंडरा सुजतात. पातळ बुटाची जीभही पातळ असते, म्हणून हे इथे जास्त होतं. उंचवट्यावरचं एक भोक लेस न ओवता सोडून दिलं की दाब जातो.

आता सवय करण्याबद्दल, आणि इथे घाई करणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. २०१३ साली सारा रिज आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमी साध्या बुटांत पळणाऱ्या ३६ जणांपैकी १९ जणांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळवलं. शेवटी एमआरआय केला तेव्हा १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत आतली सूज वाढलेली दिसली. साध्या बुटांत राहिलेल्या १७ जणांत असा एकच होता. लक्षात घ्या, ही मंडळी नवखी नव्हती.

कारण हाड ज्या पद्धतीने मजबूत होतं त्यात आहे. नवा भार आला की शरीर आधी त्या जागचा जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरणं काही आठवड्यांत होतं, भरायला काही महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या याच काळात पोटरी मात्र तयार झालेली असते, पाय छान चालतायत असं वाटतं आणि माणूस अंतर वाढवतो. दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागची लांब हाडं अशा वेळी चिरतात. पोटरीचं दुखणं शहाणं असतं, वेळेवर सांगतं; हाड उशिरा बोलतं.

त्यामुळे आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्या माणसानेही पहिला महिना या बुटांत फक्त चालावं, रोज अर्धा-पाऊण तास. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस सोडून, दहा मिनिटं पळावं. तेही धावण्याच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना. मग बूट बदलून उरलेलं अंतर नेहमीच्या बुटांत. ‘शेवटचे दोन किलोमीटर पातळ बुटांत’ ही पद्धत उलटी आहे, कारण नवा भार दमलेल्या पायावर पडतो. दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवावीत आणि दर चौथ्या आठवड्यात वाढ थांबवून थोडं कमी करावं. सहा महिन्यांनी आठवड्याचं निम्मं अंतर पातळ बुटांत होत असेल तर गाडी नीट चालली आहे. ५० किलोमीटरची पहिली शर्यत वर्षभराने. १०० किलोमीटर किंवा १०० मैलांचा विचार दोन-तीन पन्नासच्या शर्यती दुखण्याशिवाय झाल्यावर.

पाय तयार आहे का, हे मोजायला तीन गोष्टी बघतात. पहिली: एका पायावर उभं राहून टाच उचलणं, दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली, गुडघा सरळ ठेवून २५ वेळा, मग गुडघा थोडा वाकवून पुन्हा २५ वेळा. दुसरा प्रकार पोटरीच्या आतल्या स्नायूसाठी, म्हणजे सोलियससाठी. अल्ट्राच्या संथ गतीत सगळ्यात जास्त राबतो तो हाच, आणि व्यायामात सगळ्यात जास्त टाळला जातो तोही हाच. दुसरी: भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावणं. अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर असताना गुडघा टेकला तर घोटा पुरेसा वळतो. टेकत नसेल तर झिरो ड्रॉपमध्ये चढावर अकिलीज प्रत्येक पावलाला ताणली जाणार. तिसरी: उभं असताना फक्त अंगठा उचलून बाकी चार बोटं जमिनीवर ठेवणं, आणि मग उलट. हे जमत नाही म्हणजे तळव्याचे छोटे स्नायू अजून झोपलेले आहेत. रोज पाच मिनिटांत महिन्याभरात जमतं.

पळण्याच्या ढबीबद्दल एकच गैरसमज दूर करतो, कारण त्याने फार पोटऱ्या वाया घालवल्या आहेत. २०१० मध्ये डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की अनवाणी पळायची सवय असलेले लोक बहुतेक वेळा चवडा आधी टेकवतात. त्यावरून अनेकांनी टाच टेकवायचीच नाही असा अर्थ काढला आणि नर्तकासारखे चवड्यांवर पळायला लागले. टाच टेकलीच पाहिजे. चवडा किंवा पावलाचा मधला भाग हलकेच आधी टेकतो आणि लगेच टाच खाली येऊन भार घेते. पोटरीला प्रत्येक पावलात मिळणारी विश्रांती हीच. ऐंशी हजार पावलं टाच हवेत धरून ठेवणारी पोटरी कुणाचीच नसते. पाऊल शरीराच्या फार पुढे पडू द्यायचं नाही, आणि मिनिटाची पावलं तुमच्या नेहमीपेक्षा पाचेक टक्के वाढवायची, एवढं सांभाळलं की बाकीचं बहुतेक आपसूक जुळतं. आवाज ऐका. पावलांचा आवाज वाढला म्हणजे पोटरी हात टेकायला लागली.

चढावर चवड्यांवर पळत राहू नका. जिथे सपाट दगड किंवा पायरीसारखी जागा मिळेल तिथे अख्खं पाऊल, टाचेसकट, ठेवून चाला. वाट रुंद असेल तर नागमोडी चढा, घोट्याचा कोन कमी होतो. ट्रेकिंग पोल वापरण्यात कसलाही कमीपणा नाही. पातळ बुटात ते अकिलीजचा भार खरोखर उचलतात. उतारावर अख्खं पाऊल सपाट, छोटं आणि भरभर. टाच रोवून ब्रेक मारायची सवय जाड बुटात खपते, इथे टाचेखालची चरबीची गादी ठेचली जाते आणि ते दुखणं आठवडेच्या आठवडे जात नाही.

सगळ्यात वाईट जमीन खडकाळ असेल असं वाटतं, पण खडक दिसतो, त्यावर पाय कुठे ठेवायचा ते ठरवता येतं. खरी वाईट जमीन म्हणजे टणक रस्त्यावर पसरलेली बारीक खडी. प्रत्येक पावलाखाली काहीतरी असतं आणि निवड करायला जागाच नसते. अशा रस्त्याची कड धरा, जिथे गवत किंवा माती असते. रात्री आणखी एक अडचण: कपाळावरच्या टॉर्चचा उजेड नजरेच्याच दिशेने पडतो, त्यामुळे दगडाची सावली दिसत नाही आणि जमीन सपाट भासते. दुसरा दिवा कमरेला बांधला किंवा हातात धरला की सावल्या लांब पडतात आणि उंचवटे उठून दिसतात. तरीही रात्रीचा वेग पातळ बुटात कमीच धरायचा.

फोडांचं म्हणाल तर हे बूट थोडे दयाळू असतात; बोटं मोकळी राहतात, पाणी लवकर निघून जातं. पण पातळ जाळीतून धूळ आणि वाळू आत येते, म्हणून गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण, घालाच. बोटांचे मोजे बोटांमधले फोड थांबवतात, मात्र त्यांनी बुटाची रुंदी खाल्ली जाते, तेव्हा माप तेच मोजे घालून घ्या. नखं शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी सरळ कापा. पायाला टेप लावायची तर आदल्या रात्री, कोरड्या त्वचेवर, टोकं गोल कापून. चौकोनी टोकं मोज्याला अडकून उलटतात. गरम चटका जाणवला की त्याच क्षणी थांबा. दोन मिनिटं गेली तर चालतील, पुढच्या मदतकेंद्रापर्यंत फोड वाट बघत नाही.

शर्यतीच्या दिवशी सगळ्यात शहाणपणाची वस्तू असते ड्रॉप बॅगेतली, म्हणजे वाटेतल्या मदतकेंद्रावर आधीच पोचवलेल्या पिशवीतली, दुसरी जोडी. अंतराच्या ५५ ते ६० टक्क्यांवर, झिरो ड्रॉप पण २० ते २५ मिलिमीटर तळाचा, आणि अर्ध्या मापाने मोठा बूट ठेवा. ड्रॉप जवळपास तोच ठेवल्यामुळे पायाची ढब बदलत नाही, फक्त मऊपणा वाढतो. ही अदलाबदल सरावात किमान दोनदा, चार-पाच तासांच्या लाँग रनमध्ये करून बघितलेली हवी. काही जण याला हार मानतात. मला तसं अजिबात वाटत नाही; बूट हे साधन आहे, व्रत नाही. बदलायचं कधी, याच्या खुणा ठरवून ठेवा: पावलांचा आवाज वाढला, सपाट जमिनीवर बोटं अडखळायला लागली, चवड्याची जळजळ चालतानाही थांबेना, किंवा खडा टोचल्यावर तोंडातून आवाज निघायला लागला. दोन खुणा दिसल्या की बदला. वाट बघत बसायचं नाही.

दुखण्यांमधला फरक ओळखता आला पाहिजे. पोटरी दोन्ही बाजूंना सारखी जड होणं, तळवे तापणं, हे चालतं. अकिलीज सकाळी उठल्यावर दहा मिनिटं आखडलेली वाटणं म्हणजे अंतर कमी करा. पण पायाच्या वर, एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबल्यावर कळ येत असेल आणि त्या पायावर उडी मारवत नसेल, तर पळणं तिथेच बंद. डॉक्टरांना दाखवा, आणि हेही माहीत असू द्या की चिरलेलं हाड पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये दिसत नाही असं अनेकदा होतं, एमआरआयमध्ये दिसतं. वेदनाशामक गोळी घेऊन पुढे जाणं या बुटांत दुप्पट धोक्याचं. लांबच्या शर्यतीत आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो हे एक, आणि पातळ बुटात वेदना हीच तुमची सूचना देणारी यंत्रणा असते हे दुसरं. याच कारणाने मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी, किंवा हाडं ठिसूळ असलेल्यांनी, या वाटेला जाऊच नये.

शर्यतीनंतर दोन आठवडे पातळ बूट फक्त चालायला. तिसऱ्या दिवशी, सूज उतरली की, दोन्ही पायांची पाचही लांब हाडं अंगठ्याने एकेक करून दाबून बघा. मग बूट धुऊन, वाळवून तळ उजेडात धरा. चवड्याचे दाते सारखे झिजलेले असले तर ठीक. अंगठ्याखाली गोल घासल्यासारखा डाग असेल तर पाय उचलताना तुम्ही मागे ढकलत, पिळत उचलता. पुढचे फोड तिथेच येणार. आणि टाचेची मागची कड एका बुटावर दुसऱ्यापेक्षा जास्त खाल्लेली दिसली, तर कोणती पोटरी आधी दमली ते कळतं. पुढच्या महिन्यात टाच उचलण्याचा व्यायाम त्या पायाने सुरू करा, आणि दहा वेळा जास्त करा.